धून हळू होती

सभागृहातली ट्यूबलाइट बदलायला आलेला वीजवाला शिडीच्या पाचव्या पायरीवर उभा होता, ओठांत दोन स्क्रू धरून. माझं ‘सेकंदाला साठ चित्रं’ ऐकून ते काढून हातात घेत तो म्हणाला, “पण आपल्याकडचे जुने टीव्ही पन्नासचे होते ना, बाई.” एवढंच. मी पडद्यासमोर उभी होते, हातात लेझरचा लाल ठिपका आणि मागे माझी पाटी: ‘जुने खेळ, नवा संगणक: इम्युलेटर कसा निवडाल’. समोर संगणक मंडळाची चाळीस मुलं, दोन सर, आणि दहा मिनिटं बसून जाते म्हणालेल्या मुख्याध्यापिका, ज्या अर्धा तास झाला तरी उठल्या नव्हत्या. मी लाल ठिपका शिडीवर चढवला, त्याच्या शर्टाच्या खिशावर नेऊन थांबवला आणि म्हटलं, “काका, तुमच्या टीव्हीचं राहू द्या, आधी आमची ट्यूब पेटवा.” सभागृह खदखदून हसलं. तोही हसला, स्क्रू परत ओठांत ठेवले आणि पाठ करून कामाला लागला. मी पुढच्या मुद्द्याकडे वळले, आवाज तसाच खणखणीत ठेवून, आणि वाचता वाचता मला वाटलं, जिन्याला अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं. कारण पन्नास म्हणजे काय ते मला त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तो पन्नासचा आकडा मी माझ्या बोटाने बदलला होता, आमच्या जेवणाच्या टेबलावर, आई शेजारी बसलेली असताना.

टाळ्या भरपूर पडल्या. मी त्या घेतल्या. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हात वर न करणारी मुलगी होते. उत्तर येत असलं तरी ते गिळून टाकायचे, आणि ते दिवसभर घशात अडकून राहायचं. मग या वर्षी इम्युलेटर सापडले आणि माझी जीभ सुटली. इम्युलेटर म्हणजे संगणकाला जुन्या खेळयंत्राची नक्कल करायला लावणारा प्रोग्राम. टीव्हीला जोडायची ती जाड कार्ट्रिजवाली, म्हणजे खेळाची डबी खोचायची यंत्रं आता कुठे मिळत नाहीत, मिळाली तर चालत नाहीत, म्हणून कुणीतरी बसून त्यांची हुबेहूब सोंगं लिहून ठेवली आहेत. आणि एकाच यंत्राची चार-चार, पाच-पाच सोंगं. कुठलं घ्यायचं? हा प्रश्न मला जो चिकटला तो चिकटलाच. मी प्रत्येक वापरून पाहिलं, वहीत रकाने पाडले, बटण दाबल्यापासून पडद्यावर उडी दिसेपर्यंत किती वेळ जातो ते मोबाइलवर व्हिडिओ काढून चित्रं मोजून काढलं. मी त्यांना नावंही ठेवली. एक हलकू: कुठल्याही मरतुकड्या संगणकावर पळतं, पण आवाजात मधेच शिंकतं. एक नटवी: हजार रंगरंगोट्या, आत फारसं काही नाही. एक गोधडी: वीस यंत्रांची ठिगळं एकत्र, काय कुठे आहे ते शोधण्यातच संध्याकाळ सरते. आणि एक काटेकोर: जुन्या यंत्रातली प्रत्येक खोड, प्रत्येक उचकी जशीच्या तशी पाळणारं, त्यापायी संगणकाचा पंखा गिरणीसारखा घरघरला तरी चालेल. ही नावं वर्गात अशी पसरली की मधल्या सुट्टीत पोरी एकमेकींना नटवी म्हणायला लागल्या. सर मला थांबवून विचारू लागले. मी पायऱ्या दोन-दोन चढू लागले. मला माझा आवाज आवडायला लागला होता, हे मी सरळच सांगते. आरशात नवा कुडता बघावा तसा मी तो ऐकायचे.

शाळेतून घर वीस मिनिटांवर आहे. त्या शुक्रवारी मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेले, बसथांब्यांच्या बाजूने, आणि मग लक्षात आलं की ही बाजू तर आईची आहे. माझी आई शहर बससेवेत चालक आहे. आधी नऊ वर्षं ती तिकिटं फाडत होती, पुढची परीक्षा तीनदा दिली, दोनदा तिला उंची कमी म्हणून परत पाठवलं, तिसऱ्यांदा ती स्वतःची उशी घेऊन गेली, सीटवर ठेवली, बसली आणि आरसे लावून म्हणाली, सांगा आता कुठे न्यायची. ती उशी अजून तिच्या सीटवर असते, कडेला शिवण उसवलेली. मी लहान असताना तिच्या बसच्या पहिल्या बाकावर बसून तिचे हात बघत राहायचे. स्टिअरिंग एवढं मोठं की तिचे हात त्यावर वळणात पार सांडून जातात की काय असं वाटायचं, पण ते कधी सांडत नसत. ब्रेक लावायच्या आधी ती ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणते. मला वाटायचं, देवाचं काही असेल. ते काय होतं ते मला या महिन्यात कळलं, आणि ज्या रीतीने कळलं ती आठवली की मी रस्त्यातच मान खाली घालते.

महिन्यापूर्वी मामाने घर बदललं आणि माळ्यावरचा एक खोका आमच्याकडे आणून टाकला. आत त्या दोघांचं लहानपणीचं खेळयंत्र, वायरी गुंडाळलेल्या, आणि एकच कार्ट्रिज, त्यावरचा कागद घासून घासून पांढरा झालेला. यंत्र लावलं तर जळका वास आला आणि संपलं. आईने कार्ट्रिज उचलून त्यात फुंकर मारली, कुणी न सांगता, जणू हात तीस वर्षं त्याचीच वाट पाहत होता. मामा म्हणाला, ही बाई पुलांचा टप्पा डोळे मिटून करायची, प्रोफेसर, डोळे मिटून. मला तो प्रोफेसर म्हणतो. मी आईकडे पाहिलं तर ती लाजली होती. माझी आई लाजते हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, खेळशील? मी लावून देते. मामाच्या ऑफिसातल्या एकाकडे कार्ट्रिज वाचून त्याची फाइल काढणारं यंत्र होतं. तीन दिवसांत आमच्याच कार्ट्रिजची फाइल माझ्याकडे आली. मी काटेकोर निवडलं. आईला समजावलं, आई, बाकीची सोंगं थोडंफार स्वतःच्या मनाचं करतात, हे मात्र अगदी जसंच्या तसं, तुझं यंत्र जसं होतं तसंच. काटेकोरने फाइल उघडली, कार्ट्रिज कुठल्या मुलखातलं ते स्वतः ओळखलं आणि कोपऱ्यात लिहिलं: पन्नास. म्हणजे सेकंदाला पन्नास चित्रं, आपल्याकडच्या जुन्या टीव्हींसारखी. माझ्या वाचनात सगळीकडे असं आलं होतं की खेळ मुळात साठचे, पन्नासवाले ते रडके, सुस्तावलेले, वर-खाली पडदा कापलेले. मला आईसमोर रडकी गोष्ट ठेवायची नव्हती. मी यादी उघडली, पन्नास खोडून साठ केलं. जगातल्या सगळ्यात काटेकोर प्रोग्रामला मी शिकवलं.

खेळ साधा आहे. एक छोटा दिवेवाला, हातात कंदील, डावीकडून उजवीकडे जायचं, वाटेत पूल. सहाव्या टप्प्यावर पुलाच्या फळ्या पाय पडल्या पडल्या गळतात, आणि फळीफळीला उडी मारायची असते. धून सुरू झाली तशी आई टेबलावर पुढे झुकली, आणि पहिल्या दहा सेकंदांत तिने मान वर केली. धून एवढी घाईत का आहे गं, तिने विचारलं, ही तर हळू होती. मी हसले. मी कशी हसले ते मला तंतोतंत आठवतं, कारण तेच हसू मी नंतर सभागृहात वापरलं. मी म्हटलं, “आई, धून हीच होती. आठवण हळू होते माणसाची, पन्नाशी जवळ आली की.” ती म्हणाली, असेल बाई. मग म्हणाली, वर आणि खाली काळ्या पट्ट्या असायच्या, चित्राला काठ लावल्यासारख्या. मी म्हटलं, तो तुमच्या टीव्हीचा दोष. तीही हसली. दोन गोष्टी तिला बरोबर आठवत होत्या, तीस वर्षांनी, पहिल्या दहा सेकंदांत, आणि दोन्ही मी तिच्या हातून काढून घेतल्या, मग वरून तिच्या पाठीवर थोपटलं.

ती रोज ड्युटीवरून आली की खेळायची. चारला यायची, हात धुवायची, चष्मा पुसायची, आणि स्वयंपाकाआधी अर्धा तास टेबलाशी बसायची. पहिले पाच टप्पे ती चुकतमाकत ओलांडत असे. सहाव्यात, तिसऱ्या फळीवर, पडायची. पडताना दिवेवाल्याचा कंदील विझतो आणि एक बारीकसा केविलवाणा सूर वाजतो. तो सूर मी तेरा दिवस ऐकला. काटेकोरमध्ये हव्या त्या क्षणी खेळ गोठवून ठेवता येतो, पडलं की पुन्हा तिथूनच. मी तिला ते शिकवायला गेले तर ती म्हणाली, पुलावर मधेच थांबता आलं असतं तर मग तो पूल कसला. आणि मग मी ते ऐकलं. फळीवर पाय ठेवला की ती ओठांतल्या ओठांत म्हणायची, “एक, दोन, आणि.” ‘आणि’ म्हटलं की उडी. बसमध्ये ब्रेकच्या आधी ती जे म्हणते ते हेच होतं, हाच ठेका, पंधराव्या वर्षी पुलावर शिकलेला. सगळं आयुष्य ती या तीन शब्दांवर गाडी थांबवत आली होती. आता ‘आणि’ म्हणेपर्यंत फळी गेलेली असायची. दर वेळी. सहा सेकंदांचं काम साठवर पाच सेकंदांत उरकतं, त्यात तिचा ‘आणि’ मावत नव्हता.

पहिले काही दिवस ती स्वतःचीच टर उडवायची. म्हणायची, दिवेवाला म्हातारा झाला, त्याला आता खिडकीशी बसवा. मग टर थांबली. एकदा हात किती पटकन चालतात ते बघायला तिने मला टेबलावरची मोजपट्टी उभी धरायला लावली, सोडायला लावली, चिमटीत पकडली, आकडा पाहिला, पुन्हा, पुन्हा. नवव्या दिवशी मी तिच्या मागे सोफ्यावर बसून वहीतले रकाने भरत होते. काटेकोरच्या रकान्यात मी लिहिलं: साठवर ठेवल्यास खेळ एक पंचमांशाने जलद, जास्त मजेदार. पुढे चांदणी काढली. आणि त्याच वेळी माझ्यापुढे चार हातांवर कंदील विझला, तो सूर वाजला, आणि आई कुणाशीही न बोलता म्हणाली, पुन्हा उशीर. माझं पेन चांदणीच्या पाचव्या टोकावर होतं. मला कळलं असं मी म्हणणार नाही. कळणं म्हणजे काहीतरी असतं ना, डोक्यात उजेड वगैरे. तसं काही झालं नाही. फक्त मी पेन उचललं नाही, टोक गिरवत राहिले, कागद फाटेपर्यंत, आणि मग वही मिटून म्हटलं की मला भूक लागली. वीजवाल्याने नवीन काहीच सांगितलं नव्हतं. माझ्याच वहीतली ओळ त्याने शिडीवरून वाचून दाखवली होती, आणि म्हणून तर मला तो एवढा झोंबला.

त्यानंतर दोन दिवसांनी दोन उभ्या टेम्पोंच्या मधून एक सायकलवाली बाई आईच्या बससमोर आली. आईने ब्रेक लावला, बस थांबली, बाई सायकलसकट उभीच राहिली, शिव्या देऊन गेली. झालं एवढंच. आगारातल्या साहेबांनी कॅमेऱ्यातलं चित्रण बघून सांगितलं की ब्रेक वेळेवर आहे, उलट छान आहे. आई घरी येऊन म्हणाली, दोन हातांवर थांबली गाडी, पूर्वी चार उरले असते. मामा त्या दिवशी आला होता, तो म्हणाला, अगं साहेब म्हणतायत ना वेळेवर. ती संगणकाकडे बघून म्हणाली, “साहेब माझी समजूत घालतील. ते कशाला घालेल? माणूस चुकतो तेव्हा कधी लवकर चुकतो, कधी उशिरा. मी अकरा दिवस उशिराच चुकतेय, आणि तेवढीच.” याला उत्तर होतं. माझ्याकडे होतं, आणि मी पोळीचे तुकडे करत होते. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर चुंबकाखाली एक छापील अर्ज लागला. कामात बदल मिळावा म्हणून. ‘सध्याचे काम’पुढे तिने तिच्या गोल अक्षरात चालक लिहिलं होतं, ‘मागितलेले काम’पुढे चौकशी खिडकी, आणि ‘कारण’पुढे: हात मंदावले. शनिवारी सकाळी तो द्यायचा होता. उशीपण धुवून वाळत घातली होती, खिडकीवर बसायला उशी लागत नाही असं म्हणत. तरीही मी शुक्रवारच्या भाषणाची तयारी केली. तरीही भाषणात मी तो विनोद घातला, आठवण हळू होते माणसाची, आणि मुलं हसली. नाव नव्हतं घेतलं. ‘आमच्या घरी एक बाई आहेत’ असं म्हटलं होतं.

घरी पोचले तेव्हा तीन वाजले होते. दार उघडून चपला न काढता सरळ टेबलाशी गेले आणि यादी उघडून साठचं पन्नास केलं. धून सुरू झाली. मी आयुष्यात पहिल्यांदा ती तशी ऐकली. ती रडकी नव्हती. कुणीतरी कंदील घेऊन चालत असेल तर कसं चालेल, ज्योत विझू न देता, तशी ती चालत होती. वर आणि खाली काळ्या पट्ट्या आल्या, चित्राला काठ लावल्यासारख्या. मी खेळले आणि तिसऱ्या फळीवर लवकर उडी मारून पडले. पुन्हा लवकर. तेरा दिवस आई जिथे पडत होती त्याच्या बरोबर उलट्या बाजूला मी पडत होते. खुर्चीवर तिच्या शालीचा वास होता. मी तिथे बसून रडायला हवं होतं, पण मी रडले नाही. माझं डोकं भराभर चालायला लागलं, आणि ते काय चालत होतं ते लिहायची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते. मला सुचलं की हे असंच ठेवायचं. काही बोलायचंच नाही. आई येईल, खेळेल, पूल ओलांडेल, तिचा हात तिला परत मिळेल, अर्ज फाटेल, उशी परत सीटवर जाईल, आणि मी बावळट ठरणार नाही. सगळ्यांचं भलं. फक्त पट्ट्या तेवढ्या दिसल्या असत्या. म्हणून मी चित्र वर-खाली ताणलं, पट्ट्या पडद्याबाहेर ढकलल्या. दिवेवाला थोडा उंच, हडकुळा दिसायला लागला. एवढं चालेल, असं मला वाटलं. एका वर्षापूर्वीची ती हात वर न करणारी मुलगी असं काही करू शकली नसती. तेवढी हिंमत तिच्यात नव्हती.

चारला आई आली. हात धुतले, चष्मा पुसला, आणि अर्ज काढून पाकिटात घालायला लागली. मी म्हटलं, आज खेळणार नाहीस? ती म्हणाली, झालं आता, पुरे. मी मागे लागले. शेवटचं म्हणून, माझ्यासाठी म्हणून, मी आज शाळेत एवढं छान बोलले म्हणून. तिने विचारलं, छान झालं? सगळ्यांना आवडलं? आणि माझ्या गालाला हात लावला, ओलाच, आणि बसली. पहिले पाच टप्पे ती एकदाही न पडता गेली. माझं लक्ष तिच्या मानेकडे होतं. मानेचा ताण हळूहळू उतरत होता, दोरी सैल सोडावी तसा. सहावा टप्पा. पूल. “एक, दोन, आणि.” फळी. “एक, दोन, आणि.” चौथ्या फळीनंतर तिने डोळे मिटले. मी पाहिलं, तिने खरोखर डोळे मिटले, आणि दिवेवाला फळीमागून फळी उडत पलीकडे गेला, आणि पलीकडे एक घंटा वाजली, जी मी इतक्या दिवसांत ऐकलीच नव्हती. आईने डोळे उघडले. क्षणभर तिचा चेहरा पंधरा वर्षांच्या मुलीचा होता. माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. मी सोफ्यावरची उशी उचलून आवळून धरली. आता ती अर्ज फाडेल, मी मनात म्हणत होते, फाड, फाड. तिने पाकीट जवळ ओढलं आणि अर्ज नीट तीन घड्या करून त्यात घातला.

“मी आता नक्कीच देणार,” ती म्हणाली. मी विचारलं, का, जमलं की तुला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तेच तर. काल नाही, आज जमलं. रोज उशीर होत असता तर मी त्या हिशोबाने आधी ब्रेक लावला असता, शिकले असते. पण एक दिवस आहेत, एक दिवस नाहीत, असे हात घेऊन मी साठ माणसं कशी न्यायची?”

घंटेनंतरची धून अजून वाजत होती. मी किती हुशारीने काम केलं होतं. हातावरचा डाग पुसायला जावं आणि तो कुडताभर करावा. मला शाळेतलं सभागृह दिसत होतं, चाळीस चेहरे, मुख्याध्यापिकांची मान डोलणं, आणि मला ते सगळं इतकं हवं होतं की तोंड उघडेना. गेल्या वर्षीसारखंच उत्तर घशात अडकलं होतं. फक्त तेव्हा मला चुकण्याची भीती होती. मी टेबलाजवळ गेले, यादी उघडली, ताणलेलं चित्र सोडलं. पट्ट्या परत आल्या. आईने त्या पाहिल्या आणि तिचा हात टेबलावरून उचलला गेला.

“आई,” मी म्हटलं, “धून हळू होती.”

मग बाकीचं सांगितलं. सलग नाही, तुकड्यातुकड्यांत, उलटसुलट. पन्नास आणि साठ, सहा सेकंदांचे पाच, माझं बोट, मुलखाचा रकाना, आज पुन्हा बदललं ते, पट्ट्या ढकलल्या ते. वीजवाल्याचं सांगितलं. सभागृहातल्या बाईचं, ‘आमच्या घरी एक बाई आहेत’चं, ते सांगताना मी फ्रिजकडे बघत होते. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पडद्यावरच्या पट्टीकडे बघत होती, वरच्या. मग तिने विचारलं, तुला केव्हा कळलं? मी म्हटलं, आज. ती नुसती थांबली, थांब्यावर कुणी धावत येतंय का ते बघत थांबते तशी. मी म्हटलं, नवव्या दिवशी. वहीत लिहिलं होतं. चांदणीपण काढली होती.

तिने मला साठ करायला सांगितलं. मी केलं. ती पडली, तिसऱ्या फळीवर, तेवढ्याच उशिराने. मग म्हणाली, आता पन्नास. ओलांडला. पुन्हा साठ, पुन्हा पन्नास. मला वाटलं ती मला शिक्षा करतेय. तसं नव्हतं; ती तपासत होती, जशी सकाळी आगारात गाडी घेताना ब्रेक दोनदा दाबून बघते, गाडीवर राग नसतो तिचा. सहाव्या की सातव्या वेळी ती थांबली आणि दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत बसली. कुणी परगावी गेलेलं माणूस परत यावं आणि आल्यावर पहिली काही मिनिटं बोलायला काहीच सुचू नये, तशी.

“तू हसली होतीस,” ती शेवटी म्हणाली. “मी म्हटलं धून हळू होती, तेव्हा. मला त्या दिवशी वाटलं, एवढंही आता आपल्याला नीट आठवत नाही. बाकीचं सगळं मग तिथूनच सुरू झालं गं.” तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी कुठून आणली ते सांगावं तसा. मी हो म्हटलं.

तिने पाकिटातून अर्ज काढला. उलगडला, टेबलावर पालथा ठेवला, हाताने घड्या दाबल्या. मागची बाजू पूर्ण कोरी होती. माझ्यापुढे पेन सरकवलं. सोमवारी शाळेत मंडळ परत भरतं का, तिने विचारलं. मी सांगितलं, भरत नाही, पण सर भरवतील मी म्हटलं तर. आणि वीजवाला? तो येतो, मी म्हटलं, सभागृहाच्या अजून चार ट्यूब राहिल्या आहेत. बरं, ती म्हणाली, मग त्याच्यासमोर. लिही. मी विचारलं, काय लिहू. ती परत पडद्याकडे वळली होती, चष्मा नाकावर नीट बसवत. तुला बोलायला येतं छान, ती म्हणाली, तुझं तू लिही.

वरच्या काळ्या पट्टीत माझा चेहरा दिसत होता, पुसट, तिच्या खांद्यावरून डोकावणारा. मघासारखं चित्र ताणून तो बाहेर ढकलता येत नव्हता. खिडकीत तिची बसमधली उशी वाळून कडक झाली होती. मी पेनचं टोपण काढलं. पलीकडून ‘हात मंदावले’ ही अक्षरं कागदातून उलटी उमटली होती, आणि मला त्यांच्यावरूनच लिहावं लागत होतं. मी पहिली ओळ लिहिली: शुक्रवारी ज्यांना तुम्ही हसलात त्या माझ्या आई आहेत, आणि त्यांना बरोबर आठवत होतं. अक्षर वेडंवाकडं आलं, माझं एरवी असं येत नाही. खोडून नीट लिहावं असं एकदा मनात आलं. मागे धून हळू चालली होती, आई पुलावर होती. “एक, दोन,” ती म्हणत होती, आणि मी दुसऱ्या ओळीवर पेन टेकवून तिच्या तिसऱ्या शब्दासाठी थांबले.